दुधाच्या नोंदी आवळताना काय आवळायचं आणि काय नाही

आजचा विषय कागदावर वाचला तर रुक्ष वाटेल: धंद्याच्या, संस्थेच्या ठरावीक साच्यातल्या नोंदी कॉम्प्रेस करणारं सॉफ्टवेअर. पण कोल्हापुरात बसून हे सांगायचं तर उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १९६३ साली जिल्हा दूध संघ उभा राहिला, तेव्हापासून इथल्या गावागावांत सकाळ-संध्याकाळ एकच काम न चुकता चालू आहे. दूध घालायचं, फॅट बघायची, नोंद करायची. दहा दिवसांनी त्या नोंदींवर बिल निघतं, आणि दिवाळीच्या आधी वर्षभराच्या दुधावर दरफरक मिळतो. म्हणजे फेब्रुवारीतल्या एखाद्या थंड सकाळी मशीनवर उमटलेला ६.८ हा आकडा ऑक्टोबरपर्यंत जिवंत राहायला हवा. तो हरवला किंवा बदलला तर कुणाचे तरी पैसे जातात. आमचा आजचा सगळा खटाटोप त्या आकड्यासाठी आहे.

आणि आकडे हरवतात, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै सगळ्यांना आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी तिच्या कितीतरी वर गेलं, हायवे बंद पडला. नदीकाठच्या गावात डेअरीची खोली बहुधा रस्त्याला लागून, खालच्या अंगाला. त्या खोलीत रजिस्टरंही असतात, कॉम्प्युटरही असतो, आणि त्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेतलेला पेनड्राइव्हही त्याच टेबलाच्या खणात असतो! पाणी आलं की तिन्ही एकदम जातात. नोंदी गावाबाहेर रोजच्या रोज पोचवायच्या तर त्या लहान हव्यात, कारण खेड्यातलं नेट कधी आहे, कधी नाही. म्हणून आवळणं. जागा वाचवणं हा त्यातला दुय्यम फायदा. हार्डडिस्क आता स्वस्त आहे.

एक संस्था धरू. आकडे उदाहरणादाखल आहेत. तीनशे सभासद, दिवसाला दोन वेळा, वर्षाचे ३६५ दिवस. गुणाकार केला तर २,१९,००० नोंदी. एक नोंद साधारण अशी दिसते:

२०२४-०८-०१, सकाळ, ०१४७, म्हैस, ४.५, ६.८, ९.१, ५२.४०, २३५.८०

तारीख, वेळ, सभासदाचा कोड, दुधाचा प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. हे साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवलं, आकडे इंग्रजी आणि शब्द मराठी युनिकोडमध्ये, तर एका ओळीला ७० बाइट लागतात. स्वल्पविराम आणि ओळीचा शेवट धरून. त्यातले २७ बाइट फक्त ‘सकाळ’ आणि ‘म्हैस’ या दोन शब्दांचे! कारण नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. नुसतं ‘कोल्हापूर’ लिहिलं तरी २७ बाइट. जुन्या इस्की पद्धतीत तेच नऊ बाइटांत बसायचं. असो. वर्षाची फाइल झाली दीड कोटी बाइटांच्या थोडी वर, म्हणजे १५ एमबी.

आता विचार करा, या सत्तर बाइटांत बातमी किती आहे? ‘सकाळ’ की ‘संध्याकाळ’, दोनच शक्यता. त्याला एक बिट पुरतो, म्हणजे एका बाइटाचा आठवा भाग. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या निबंधात हीच गोष्ट गणितात बसवली. जे आधीच अपेक्षित आहे त्यात माहिती कमी, जे अनपेक्षित आहे त्यात जास्त. ‘आज सकाळी १४७ नंबरनं दूध घातलं’ ही गावात कुणाला बातमी वाटेल का? नाही. रोजच घालतात. ‘१४७ नंबर आज आलाच नाही’ म्हटलं की लगेच विचारतील, काय झालं, म्हस आटली का? कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर अगदी असंच वागतं. अपेक्षित गोष्टीवर जागा खर्च करत नाही, अनपेक्षित गोष्टीसाठी राखून ठेवतं.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जुने मोडी कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत असेल. एकदा गावाचं नाव लिहिलं की पुढं ‘मौजे मजकूर’ येतं. एकदा माणसाचं नाव आलं की पुढं ‘सदरहू इसम’. वर लिहिलंय तेच इथं धरा, असा तो निर्देश. खतावणीत साडेचार लिहायचं तर चारापुढं दोन उभ्या रेघा, सव्वाचारला एक, पावणेपाचला तीन. कारकुनाचा हात वाचायचा, शाई वाचायची. १९७७ साली अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव या दोघांनी जी पद्धत मांडली, ती याच ‘मजकूर’ची यांत्रिक आवृत्ती आहे. हा तुकडा मागं इतक्या अक्षरांवर येऊन गेलाय, तिथून इतकी अक्षरं उचला. एवढंच लिहायचं, तुकडा परत लिहायचा नाही. आणि १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी दुसरी बाजू दिली. वारंवार येणाऱ्या चिन्हाला लहान खूण, क्वचित येणाऱ्याला मोठी. (हफमन तेव्हा विद्यार्थी होते, परीक्षेऐवजी निबंध लिहायची सवलत होती, त्यातून हे निघालं.) या दोन कल्पनांची जोडी म्हणजे आपल्या रोजच्या वापरातली झिप फाइल.

मग झिप करून प्रश्न सुटला का? बऱ्यापैकी सुटतो, हे आधी कबूल करू. ज्यांनी फॉक्सप्रोच्या काळात काम केलंय ते म्हणतील, झिप केलं की फाइल जादूसारखी लहान व्हायची आणि फ्लॉपीत बसायची. खरं आहे. पण त्या जादूतलं अर्धं श्रेय फाइलीला. डीबीएफ फाइलीत प्रत्येक रकान्याची रुंदी आधी ठरलेली. नावाला चाळीस जागा ठेवल्या आणि सभासदाचं नाव बारा अक्षरांत संपलं तर उरलेल्या अठ्ठावीस जागी नुसत्या स्पेस. झिपनं ती हवा काढली. पोत्यात अर्धा भुसा असेल तर दाबल्यावर पोतं निम्मं होणारच, त्यात दाबणाऱ्याचं कौतुक किती करायचं?

हवा नसलेल्या फाइलीत मात्र झिपची मर्यादा दिसते, आणि ती आपल्या उदाहरणात फार नेमकी दिसते. झिपची नेहमीची पद्धत, डिफ्लेट नावाची, मागं वळून बघते ती फक्त ३२ किलोबाइटांपर्यंत. ३२,७६८ बाइट. आपली ओळ ७० बाइटांची, म्हणजे झिपला मागच्या साधारण ४६८ ओळी दिसतात. आता १४७ नंबरची काल सकाळची नोंद किती मागं आहे? मधे सहाशे नोंदी गेल्या, म्हणजे ४२,००० बाइट. दिसतच नाही! काल संध्याकाळची दिसते, कालची सकाळ खिडकीबाहेर गेली. आणि सकाळच्या दुधाची तुलना करायची तर ती कालच्या सकाळशीच करायला हवी, हे गवळ्याच्या पोराला कळतं, झिपला कळत नाही. तिच्या दृष्टीनं तारीख, फॅट, रक्कम सगळं सारखंच. एकामागून एक आलेली अक्षरं.

तेव्हा पहिली युक्ती. फाइल आडवी वाचू नका, उभी वाचा. सगळ्या तारखा एका जागी, सगळे लिटर एका जागी, सगळ्या फॅट एका जागी. रकाना हा रजिस्टर आखणाऱ्यानं फार विचारपूर्वक आखलेला असतो, त्याचा फायदा घ्या. तारखेच्या रकान्यात तीच तारीख सहाशे वेळा येते, तर ‘ही तारीख, सहाशे वेळा’ एवढं लिहून काम होतं. मोठ्या डेटाबेसच्या जगात ही उभी मांडणी आता सर्रास आहे. पार्के नावाचा खुला फाइल प्रकार २०१३ मध्ये आला तो याच तत्त्वावर. रकाना आणि त्याचा प्रकार सॉफ्टवेअरला सांगायचा, मग त्यानं प्रत्येकाला वेगळी वागणूक द्यायची. मेटा कंपनीनं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ओपनझेडएल हे खुलं सॉफ्टवेअर दिलं, त्याचाही गाभा हाच: नोंदीचा साचा आधी समजावून द्या, मग आवळा.

आता आपल्या रकान्यांना एकेक करून वागणूक देऊ. प्रकार, गाय की म्हैस: एक बिट. लिटर: ४.५ ऐवजी ४५ असा पूर्णांक ठेवायचा. एक बाइटात २५.५ लिटरपर्यंत जातं. त्याहून जास्त घालणारे थोडे, त्यांची यादी वेगळी. फॅट: ६.८ म्हणजे ६८. सात बिटांत १२.७ पर्यंत मावतं. एसएनएफ: ७.० पासून मोजायला सुरुवात केली तर पाच बिट, १०.१ पर्यंत जागा. दशांश अपूर्णांक कॉम्प्युटरच्या तरंगत्या बिंदूच्या प्रकारात ठेवू नका, ही जाता जाता विनंती. त्या प्रकारात ०.१ सुद्धा नेमका मावत नाही. फॅट दहापट करा, रुपयाचे पैसे करा, पूर्णांक ठेवा.

कोड नंबरचं काय? इथं एक गंमत आहे. सगळ्या नोंदी कोड नंबरनं लावून ठेवल्या तर कोड लिहायचीच गरज नाही, पहिली ओळ पहिल्याची, दुसरी दुसऱ्याची. पण मग कोण कुणाच्या पुढं रांगेत होतं हे गेलं. ते महत्त्वाचं असतं का? कधी असतं. दोन कॅनची अदलाबदल झाली अशी तक्रार आली तर रांगेचाच क्रम बघतात. क्रम ठेवायचा तर खर्च किती? तीनशे माणसं जितक्या तऱ्हेनं रांगेत उभी राहू शकतात तेवढ्या शक्यता मोजल्या तर एका वेळेला सुमारे २५५ बाइट, म्हणजे माणशी सात बिटांहून जरा कमी. आणि हा जास्तीत जास्त खर्च, रांग रोज पूर्ण नव्यानं लागली तर. गावात रांग अशी लागत नाही. वरच्या आळीतले आधी, मळ्यातले शेवटी, हे रोजचंच.

सात बिट क्रमाचे, एक प्रकाराचा, आठ लिटरचे, सात फॅटचे, पाच एसएनएफचे. बेरीज अठ्ठावीस बिट, म्हणजे साडेतीन बाइट. वर्षाच्या सगळ्या नोंदी ७,६६,५०० बाइटांत. पंधरा एमबीची फाइल एका जुन्या फ्लॉपीत अर्धी जागा शिल्लक ठेवून बसली, आणि अजून आपण हफमनला हातही लावला नाही. आता कालच्या सकाळची फॅट वजा करा. ६.८ ची ६.९ झाली, फरक एक. बहुतेक फरक वजा तीन ते अधिक तीनच्या आत राहिले तर शक्यता फक्त सात, तीन बिटांत बसतात. बाकीच्यांना मोठी खूण.

तुमच्या लक्षात आलं असेल, दोन रकाने आम्ही गाळले. दर आणि रक्कम. हे मुद्दाम शेवटाला ठेवलं, कारण खरी मेख इथं आहे.

दर हा दरपत्रकावरून ठरतो: इतकी फॅट, इतका एसएनएफ, तर इतका दर. रक्कम म्हणजे दर गुणिले लिटर. म्हणजे दरपत्रक एकदा ठेवलं की दोन्ही रकाने हिशोबानं परत काढता येतात. शून्य बिट! कॉम्प्रेशन करणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल अशी गोष्ट. आणि इथंच घात होतो. दरपत्रक वर्षात बदलतं. सॉफ्टवेअरनं जुनी नोंद उघडताना आजचं दरपत्रक लावलं तर मार्चचं बिल जुलैच्या दरानं दिसणार. बरं, पत्रक तेच असलं तरी ४.७ लिटर गुणिले ५३.१५ म्हणजे २४९.८०५ रुपये. त्याचे ऐंशी पैसे करायचे की एक्याऐंशी? एक सॉफ्टवेअर वर नेतं, दुसरं खाली. शिवाय मशीन बंद पडलं त्या दिवशी फॅट हातानं घातलेली असते, कुणाची तक्रार मान्य करून रक्कम दुरुस्त केलेली असते. प्रत्यक्ष हातात किती पडले, हा झाला इतिहास. हिशोबानं किती पडायला हवे होते, तो झाला तर्क. तर्क परत काढता येतो, इतिहास येत नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि तो आम्हाला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. हिशोबानं रक्कम काढा, प्रत्यक्ष नोंदलेली रक्कम तिच्यातून वजा करा, आणि तो फरक ठेवा. दोन लाख नोंदींत बहुतेक फरक शून्य. लाखभर शून्यं आवळून जवळपास काहीच उरत नाही. जिथं फरक शून्य नाही त्या नोंदी तेवढ्या जागा घेतात. एक पैसाही हरवत नाही आणि फाइलही लहान राहते. वर एक फायदा फुकट: आवळल्यानंतर जे उरलं ते वाचा. हातानं केलेल्या दुरुस्त्या, चुकलेली दरपत्रकं, एकाच सभासदाला पुन्हा पुन्हा मिळालेले वाढीव पैसे, सगळं त्या उरलेल्या चिमूटभर डेटात एका जागी सापडतं. ऑडिटरनं दोन लाख ओळी चाळण्यापेक्षा ही यादी आधी मागावी. फरक दिसला म्हणजे चोरी झाली असं मुळीच नाही. बऱ्याचदा ती सेक्रेटरीनं केलेली रास्त दुरुस्तीच असते. पण विचारायचं कुणाबद्दल, हे कळतं.

साखर कारखान्याच्या काटापावत्या, बाजार समितीतल्या गुळाच्या पट्ट्या, जीएसटीची बिलं, सगळीकडे हेच लागू पडतं. जीएसटीच्या फाइलीत तर प्रत्येक बिलागणिक रकान्याची नावंसुद्धा पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात, तिथं हवा भरपूर.

आता धोक्याची बाजू. आवळलेली फाइल नाजूक असते. रजिस्टरच्या एका पानावर चहा सांडला तर एक पान जातं. आवळलेल्या फाइलीत एक बिट बिघडला तर त्यापुढचं सगळं वाचता येईनासं होऊ शकतं, कारण पुढचा प्रत्येक तुकडा मागच्याकडे बोट दाखवतोय. ‘मौजे मजकूर’ आहे पण गावाचं नाव होतं ते पानच फाटलं, तर मजकूर म्हणजे कोण? म्हणून वर्षाची एक मोठी फाइल करू नका. दर दहा दिवसांच्या बिलाला एक स्वतंत्र गठ्ठा करा. आवळणं थोडं कमी पडेल, चालेल. प्रत्येक गठ्ठ्यासोबत पडताळणीची बेरीज असते, झिपमध्ये ती आपोआप येते. उघडताना ती जुळली नाही तर निदान बिघडलंय हे तरी कळतं. त्या गठ्ठ्यात त्या वेळचं दरपत्रक घाला. सभासदांची नावं जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. नाहीतर वीस वर्षांनी फाइल उघडेल आणि नावांच्या जागी चित्रविचित्र इंग्रजी खुणा दिसतील. बँक खात्याचे नंबर आहेत म्हणून कुलूप लावणार असाल तर आधी आवळा, मग कुलूप लावा. उलटं केलंत तर काही आवळणार नाही, कारण कुलूप लावलेल्या डेटात ओळखीचं काही शिल्लकच राहत नाही. आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: तुमची कंपनी उद्या बंद झाली तर ही फाइल आम्ही कशानं उघडायची? झिप, पार्के यांची रचना जाहीर आहे, कुणीही उघडणारं सॉफ्टवेअर लिहू शकतो. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथं थांबा.

मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, एवढं कशाला, रजिस्टरच्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून पीडीएफ केली तर चालत नाही का? चांगला प्रश्न आहे. काहीच नसण्यापेक्षा चालतं. पण फोटो आवळण्याची पद्धत वेगळी, तिथं डोळ्याला जाणवणार नाही असा तपशील टाकून देतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत भलताच प्रकार सापडला. घराच्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत काढली, तर वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच छापून आलं! यंत्रातली आवळण्याची पद्धत सारखे दिसणारे आकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होती. सहाचा आठ होत होता. धूसर झालं असतं तर माणसानं शंका घेतली असती. इथं आठ अगदी स्वच्छ, ठळक. कंपनीनं नंतर दुरुस्ती दिली. पण विचार करा, ६.६ ची ६.८, तीही स्वच्छ अक्षरात. दहा दिवसांचं बिल त्यावर निघालं तर भांडायला पुरावा काय? म्हणून फोटो सोबतीला ठेवा, रंगीत आणि मोठा ठेवा, पण मूळ आकडे आकड्यांच्याच रूपात ठेवा.

दुसरा प्रश्न आला, हे बरोबर चाललंय हे सेक्रेटरीनं ओळखायचं कसं, त्याला यातलं काही कळत नाही. कळायची गरज नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या गावच्या संस्थेतल्या कॉम्प्युटरवर आपला एक गठ्ठा उघडायचा, कुठलाही, सहा महिन्यांपूर्वीचा घ्या. त्यातून तीन सभासदांची बिलं छापायची आणि त्यांच्या घरी असलेल्या जुन्या बिलांशी पैशापैशानं जुळवून बघायची. पंधरा मिनिटांचं काम आहे. जुळली नाहीत तर त्याच दिवशी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा, दिवाळीची वाट बघू नका.